राहावयास गांव निवडतांना : गांवाच्या राजकीय मताचा विचार कितपत करावा?

बिऱ्हाड हलविण्याचा विचार मनांत आला म्हणजे गृहस्थ प्रथम पाण्याची चौकशी करतो, मग शाळेची, दवाखान्याची, बाजाराची आणि शेवटीं शेजाराची. अलीकडे ह्या यादींत आणखी एका प्रश्नाची भर पडूं लागली आहे. त्या गांवचे लोक राजकारणांत कोणत्या मताचे आहेत? मुंबई-पुण्यास जन्म घालविलेलीं कित्येक सुशिक्षित कुटुंबें नोकरी संपल्यावर, किंवा हल्लीं पुष्कळ काम घरीं बसून करतां येऊं लागल्यामुळें, एखाद्या लहान गांवीं जाऊन राहण्याचा बेत करतात. शहरांत मनाजोगता मित्रपरिवार निवडून घेतां येतो. लहान गांवांत ती सोय नसते. तेथें वाण्याच्या दुकानांत, देवळाच्या पारावर आणि वाचनालयाच्या बांकावर तींच तीं माणसें रोज भेटावयाचीं. तेव्हां आपल्या मतांना अनुकूल असें गांव पाहावें, निदान उघड प्रतिकूल असेल तें टाळावें, असें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे.

परंतु गांवाचें मत म्हणजे नेमकें काय, तें पाहावयाचें कोठें, आणि पाहिल्यावर त्यावर विसंबावयाचें किती, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहींत. ते समजून घेण्यास खानदेशांतील यावल तालुक्याचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण एका अखिल भारतीय संस्थेला एकदां लहान गांव निवडण्याचा प्रसंग आला, आणि तिनें तें ह्याच तालुक्यांत निवडलें.

तापीच्या उत्तर तीरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हा सुपीक पट्टा पसरला आहे. भुसावळाहून निघून तापी ओलांडली कीं केळींच्या बागा दिसूं लागतात. यावल शहर एके काळीं नीळ आणि जाड देशी कागद ह्यांकरितां नांवाजलेलें होतें. त्याच्या पूर्वेस काहीं कोसांवर फैजपूर आहे. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांपैकीं हा मुलूख पूर्व खानदेशांत, म्हणजे हल्लींच्या जळगांव जिल्ह्यांत आला.

काँग्रेसचीं अधिवेशनें १८८५ पासून मोठमोठ्या शहरांत भरत आलीं होतीं. देश खेड्यांचा आणि सभा मात्र शहरांच्या, ही विसंगति गांधींना सलत होती. अधिवेशन खेड्यांत भरवावें असा त्यांनीं आग्रह धरला, आणि त्याप्रमाणें डिसेंबर १९३६ च्या २७ व २८ तारखांस फैजपूर येथें काँग्रेसचें पहिलें ग्रामीण अधिवेशन झालें. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवांत मिळणाऱ्या साध्या साहित्यांतून अधिवेशनाचें नगर सजविलें. लोकमान्यांच्या स्मरणार्थ त्यास टिळकनगर असें नांव देण्यांत आलें.

आतां काँग्रेसला मानणारीं खेडीं १९३६ च्या महाराष्ट्रांत थोडीं नव्हतीं. मग फैजपूरच कां? काहीं सोयी उघड होत्या. सावद्याचें रेल्वे स्टेशन जवळ, आणि भुसावळाचें मोठें जंक्शन फार लांब नाहीं. परंतु हजारों माणसांच्या पाण्याची, अन्नाची व स्वच्छतेची व्यवस्था स्टेशन करीत नाहीं. ती हातांनीं करावी लागते. ते हात ह्या भागांत होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पोलीस खात्यांतील नोकरी सोडून चळवळींत पडले होते आणि गांवोगांव त्यांचा शब्द चालत होता. अमळनेरच्या शाळेंतील शिक्षकाची जागा १९३० सालीं सोडून सत्याग्रहांत गेलेले सानेगुरुजी खानदेशभर हिंडून तरुणांना स्वयंसेवक म्हणून गोळा करीत होते. अधिवेशनांत झाडलोट आणि मैलासफाई करावयासहि सुशिक्षित तरुण पुढें आले. फैजपूरची निवड अनुकूल मताच्या जोरावर झाली हें खरें, पण तें मत कामांत उतरलेलें होतें. नुसती मान डोलावणारीं गांवें अधिवेशन पार पाडूं शकलीं नसतीं.

गांवाचा असा कल एका सभेनें किंवा एका पुढाऱ्यानें तयार होत नाहीं. त्याचीं मुळें बहुधा भाकरीच्या प्रश्नांत असतात. सावदा, फैजपूर, यावल ह्या बाजूस १८५२ सालीं जमिनीच्या नव्या सरकारी मोजणीविरुद्ध शेतकऱ्यांनीं मोठा दंगा केला होता. मोजणी झाली कीं सारा वाढणार, ही त्यांची धास्ती होती. सरकारला फौज आणून तो दंगा मोडावा लागला. पुढें चौऱ्यायशीं वर्षांनीं ह्याच फैजपुरांत काँग्रेसनें शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर केला. त्यांतील मुख्य मागण्या शेतसारा व खंड कमी करण्याच्या आणि कर्जाचा बोजा हलका करण्याच्या होत्या. ह्या दोन घटनांचा प्रत्यक्ष धागा जोडून दाखवितां येणार नाहीं. पण जमीन, सारा आणि सावकार ह्यांची काळजी त्या मुलुखांत जुनी होती, आणि त्या काळजीला जो शब्द देईल त्याच्यामागें लोक जाणार, एवढें त्यांवरून नक्की कळतें. गांवाचा पक्ष पाहण्यापूर्वीं गांवाची काळजी कशाची आहे हें पाहावें, हा पहिला धडा.

दुसरा धडा असा कीं, कल कायमचा नसतो. काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाचा मान मिळालेलें गांव म्हणून फैजपूरचा उल्लेख आजहि होतो. ज्या रावेर विधानसभा मतदारसंघांत फैजपूर येतें, तेथें २०१४ सालीं भारतीय जनता पक्षाचा उमेदवार निवडून आला, २०१९ सालीं काँग्रेसचा, आणि २०२४ सालीं पुन्हां भारतीय जनता पक्षाचा. त्याहून लक्षांत घेण्याजोगी गोष्ट २०१९ सालचीच. त्या वर्षीं उन्हाळ्यांत रावेरच्या लोकसभेच्या जागेवर भारतीय जनता पक्षास यश मिळालें, आणि पांच-सहा महिन्यांनीं विधानसभेच्या वेळीं रावेरचाच मतदारसंघ काँग्रेसकडे गेला. एखादें कुटुंब त्या वर्षीं मे महिन्यांत निकाल वाचून फैजपुरास राहावयास आलें असतें, तर दिवाळीपर्यंत त्यास आपण चुकलों कीं काय असें वाटूं लागलें असतें. प्रत्यक्षांत गांव जागच्या जागींच होतें. मतदार एकाच वर्षांत दिल्लीसाठीं एक विचार करतो आणि मुंबईसाठीं दुसरा, इतकाच त्याचा अर्थ.

निकालांचे आंकडे वाचतांना आणखी एक सावधगिरी हवी. रावेरचा लोकसभा मतदारसंघ चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर आणि बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर अशा सहा विधानसभा मतदारसंघांचा मिळून झाला आहे. त्याच्या निकालावरून यावलच्या एका आळीचें मत सांगणें म्हणजे तापीच्या पुरावरून घरच्या विहिरीचें पाणी मोजण्यासारखें आहे. ज्यास खरोखर गांवापुरतें पाहावयाचें असेल त्यानें मतदान केंद्रवार आंकडे पाहावे. निवडणूक आयोगाच्या ‘नमुना २०’ ह्या तक्त्यांत प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवारास किती मतें पडलीं हें दिलेलें असतें. तो तक्ता उघडला म्हणजे बहुधा असें दिसतें कीं, एकच गांव सुद्धां एकमताचें नसतें. एका शाळेंतील दोन खोल्यांतील मतपेट्या दोन बाजू सांगतात.

त्याहूनहि जवळच्या निवडणुका आणखी निराळ्या असतात. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाहीं. तेथें पॅनेलें उभीं राहतात. नगरपालिकेंत पक्षांचीं नांवें दिसलीं तरी स्थानिक आघाड्या पुष्कळदां पक्षांच्या भिंती ओलांडून होतात. सहकारी सोसायटी, दूध संघ, शिक्षणसंस्था ह्यांच्या निवडणुकींत भाऊबंदकी, पाण्याची पाळी आणि जुने उपकार हेच पक्ष असतात. मुंबईहून आलेल्या माणसाला ज्या राजकारणाशीं रोज गांठ पडावयाची, तें हें राजकारण. नळाला पाणी किती दिवसांआड येतें, गटार कोण उपसतें, बाजाराची जागा कोणास मिळते, ह्यांवर दिल्लीच्या पक्षाचा शिक्का क्वचितच असतो.

आपल्या मताची वस्ती शोधण्याचा प्रयोग अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. बिल बिशप ह्या पत्रकारानें २००८ सालीं लिहिलेल्या ‘द बिग सॉर्ट’ ह्या ग्रंथांत एक हिशेब मांडला. ज्या जिल्ह्यांत अध्यक्षपदाच्या निवडणुकींत एका पक्षानें दुसऱ्यावर वीस टक्क्यांहून अधिक आघाडी मारली, अशा एकतर्फी जिल्ह्यांत १९७६ सालीं सुमारें २७ टक्के मतदार राहत होते. २००४ सालीं तें प्रमाण ४८ टक्क्यांवर गेलें. त्याचें म्हणणें असें कीं, लोक पक्ष पाहून बिऱ्हाड हलवितात असें नव्हे; ते आपल्यासारखी राहणी, आपल्यासारखे शेजारी शोधतात, आणि त्यापाठोपाठ मतेंहि सारखीं होत जातात. एकाच मताचीं माणसें एकत्र राहिलीं म्हणजे तीं मतें अधिक टोकाचीं होतात, हेंहि त्यानें दाखविण्याचा प्रयत्न केला.

काहीं लोकांनीं मात्र पक्कें ठरवूनच स्थलांतर केलें. सरकारचा अधिकार शक्य तितका कमी असावा असें मानणाऱ्यांनीं २००१ सालीं ‘फ्री स्टेट प्रॉजेक्ट’ नांवाची एक योजना काढली. वीस हजार समविचारी माणसांनीं एकाच लहान राज्यांत जाऊन राहावें, म्हणजे तेथील कारभार आपल्या मताप्रमाणें चालेल, अशी ती कल्पना. २००३ सालीं मतदान करून त्यांनीं न्यू हॅम्पशायर हें राज्य निवडलें, आणि त्यांपैकीं कित्येकजण खरोखरच तेथें जाऊन राहिले.

त्याच राज्यांत क्रॉयडन नांवाचें सुमारें आठशें वस्तीचें गांव आहे. तेथें मार्च २०२२ मध्यें गांवसभा भरली. हजेरी अगदीं थोडी होती. ह्या योजनेंतून आलेल्या एका रहिवाशानें शाळेचा खर्च सतरा लाख डॉलरांवरून आठ लाखांवर आणावा अशी सूचना मांडली आणि ती २० विरुद्ध १४ मतांनीं मंजूर झाली. गांव खडबडून जागें झालें. निरनिराळ्या पक्षांचे शेजारी एकत्र आले, त्यांनीं घरोघर फिरून लोकांना बोलाविलें, आणि मे महिन्यांत दुसरी सभा होऊन ३७७ विरुद्ध २ मतांनीं शाळेचा खर्च पूर्ववत् करण्यांत आला. पहिल्या सभेचा निर्णय त्या गांवाचें मत नव्हतें. तें गैरहजेरीचें फळ होतें. आणि दुसऱ्या सभेंत ज्यांनीं हात वर केले ते एका पक्षाचे नव्हते; ते त्या शाळेंत मुलें पाठविणारे लोक होते.

ह्या सगळ्याच्या अगदीं उलट अशी एक निवड, फैजपूरच्या अधिवेशनाच्याच वर्षीं, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास झाली. साबरमतीचा आश्रम १९३० सालीं सोडल्यावर गांधी पुन्हां तेथें राहावयास गेले नाहींत. जमनालाल बजाज यांच्या आग्रहानें ते वर्ध्यास आले, आणि ३० एप्रिल १९३६ रोजीं वर्ध्याजवळच्या शेगांव नांवाच्या खेड्यांत जाऊन राहिले. वस्ती सुमारें सहाशें, रस्ता धड नाहीं, रोगराई पुष्कळ. तेथील लोक त्यांच्या मताचे होते काय? गांवच्या वृद्ध पाटलांनीं त्यांच्या येण्याचें स्वागत केलें, पण अस्पृश्यतानिवारणाच्या कामांत आपल्याला साथ देतां येणार नाहीं हें सरळ सांगून टाकलें. गांधी तरीहि तेथें गेले. विदर्भांत शेगांव नांवाचें दुसरें प्रसिद्ध गांव असल्यामुळें टपालाचा घोटाळा होऊं लागला, तेव्हां १९४० सालीं ह्या खेड्याचें नांव सेवाग्राम करण्यांत आलें.

पाटलांच्या त्या उत्तरांत मोठा अर्थ आहे. मत जुळत नाहीं हें तोंडावर सांगणारा आणि तरीहि ‘या’ म्हणणारा शेजारी ज्या गांवांत आहे, तें गांव राहण्याजोगें असतें. ज्या गांवांत मत जुळतें, पण निराळें मत असलेल्यास ओठ मिटून बसावें लागतें, तें गांव आज सोयीचें वाटलें तरी उद्यां सोयीचें राहील अशी खात्री नाहीं. कारण मनुष्याचीं स्वतःचीं मतेंहि बदलतात, मुलांचीं तर आईबापांपेक्षां निराळीं होतातच.

येथें एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. पाटलांचें ‘या’ हें गांधींना मिळालें. गांवकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला तें कोणी म्हणत नव्हतें. अनुकूल गांव शोधणें ही सुखवस्तु माणसाची हौस वाटते, पण पुष्कळांच्या बाबतींत तो जिवाचा प्रश्न होता. जुलै १९४२ मध्यें नागपूर येथें डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितींत भरलेल्या अस्पृश्यवर्गाच्या अखिल भारतीय परिषदेनें अस्पृश्यांसाठीं स्वतंत्र गांवें वसवावीं असा ठराव केला. मागणी समविचारी शेजाऱ्यांची नव्हती. ज्या गांवांत पाणी, जमीन आणि मजुरी हीं सर्व दुसऱ्यांच्या हातीं आहेत, तेथें मनाप्रमाणें बोलणें किंवा मत देणें शक्यच होत नाहीं, हें त्यामागचें कारण होतें. तेव्हां गांवाचें मत कोणतें हें विचारतांना, तें मत कोणाचें आणि न भीतां सांगितलेलें कीं भीतीपोटीं दिलेलें, हेंहि विचारावें लागतें. महाराष्ट्रांत २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, ह्यावरून हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाहीं हें ध्यानांत येईल.

मग गांव पाहावयास गेलेल्या कुटुंबानें काय पाहावें? प्रथम वाचनालयांत जाऊन बसावें. टेबलावर एकाच बाजूचीं वर्तमानपत्रें आहेत कीं परस्परविरोधी मतांचीं आहेत, आणि तीं वाचून होणारी चर्चा हमरीतुमरीवर येते कीं चहावर संपते, हें तासाभरांत कळतें. नंतर मागच्या निवडणुकींत पडलेल्या उमेदवाराची चौकशी करावी. तो अजून सोसायटीच्या सभेस येतो काय, निवडून आलेल्याच्या घरच्या लग्नाचें आमंत्रण त्यास जातें काय, त्याच्या आळीचा रस्ता दुरुस्त झाला काय? पराभूत माणसाशीं गांव कसें वागतें ह्यांत त्या गांवाचें सारें राजकारण दिसतें.

तिसरी चौकशी घरभाड्याची. परजातीच्या, परधर्माच्या, निराळें अन्न खाणाऱ्या भाडेकऱ्यास गांवांत घर मिळतें काय, आणि कोणत्या भागांत मिळतें? हा प्रश्न ज्याला स्वतःपुरता अडत नाहीं त्यानेंहि तो विचारावा. कारण ज्या दारांतून आज दुसरा परत जातो, त्या दाराचा नियम उद्यां बदलून आपल्यावर येणार नाहीं असें कोणी सांगावें? चौथी गोष्ट बायकांना विचारावी. नगरपालिकेंत निवडून आलेली बाई स्वतः बोलते कीं तिच्या वतीनें तिचे यजमान बोलतात, हें गांवांतील बायकांना बिनचूक ठाऊक असतें, आणि ज्या कुटुंबांत लिहिण्या-बोलण्याची संवय असलेल्या स्त्रिया आहेत त्यांना ह्या एका उत्तरावरून पुढील कित्येक वर्षांची कल्पना येते.

ह्यानंतरहि घर विकत घेण्याची घाई करूं नये. एक वर्ष भाड्यानें राहावें. त्या वर्षांत एखादी निवडणूक, एखादा उत्सव आणि एखादी पाणीटंचाई पाहावयास मिळाली तर फारच उत्तम. मतदारयादींत नांव नव्या पत्त्यावर नेण्यासाठीं ‘नमुना ८’ चा अर्ज भरावा लागतो. तो भरला म्हणजे नव्या माणसाचेंहि गांवांत एक मत होतें. एकच मत, पण क्रॉयडनच्या पहिल्या सभेचा निकाल अवघ्या सहा मतांच्या फरकानें लागला होता.

फैजपुरांत १९६१ सालीं महाविद्यालय निघालें. त्यास धनाजी नानांचें नांव आहे. ज्या परिसरानें अधिवेशनाचा भार उचलला, त्याच परिसरांतील शेतकऱ्यांचीं मुलें तेथें शिकलीं, आणि त्यांतून निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते व मतदार निघाले. अधिवेशनाचें टिळकनगर दोन दिवसांचें होतें. बांबूच्या कमानी उतरल्या आणि पाहुणे निघून गेले. मागें राहिली ती एकत्र येऊन काम उभें करण्याची संवय. मतें त्यानंतर अनेकदां बदललीं, पुढेंहि बदलतील. राहावयास जाणाऱ्या कुटुंबाचा मुक्काम एका निवडणुकीपेक्षां फार लांबचा असतो. त्यानें गांव निवडतांना त्या संवयीकडे पाहून निवडावें.